पहाटेचा अभ्यास : राजगृहापासून परळच्या चाळीपर्यंत



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका निघते आहे, तिच्यात इतिहासावर काहीतरी लिहा, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी मला सांगितले. मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. रिंग खात्यात धागे सांधण्यात हयात गेलेला माणूस. जे वाचले ते पाळी सांभाळून वाचले. लेण्यांवर लिहावे, महाडच्या सत्याग्रहावर लिहावे असे आधी मनात होते. पण त्यावर आपल्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी चांगले लिहितोच. म्हणून या वेळी विषय घेतला आहे सकाळ. सकाळचा कसला आलाय इतिहास, असे कोणी म्हणेल. आहे, बंधूंनो, आणि तो आपल्याच लोकांच्या अंगावरून गेलेला आहे.

हल्ली पोरांच्या मोबाईलवर लवकर उठण्याचे फायदे सांगणारे व्हिडिओ येतात. पाच वाजता उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, दिवसाचा आराखडा लिहून काढा, मोठे व्हाल. सांगणारा साहेबी थाटाचा असतो. त्याच्या मागे काचेची खिडकी, पुढे टेबल, टेबलावर छोटे रोप. आपला पोरगा ते बघतो आणि त्याला वाटते, ही कुठून तरी परदेशातून आलेली नवी विद्या आहे. शिवाय एका खोलीत सात माणसे झोपलेली असताना पाच वाजता दिवा लावायचा कुठे, हे त्यातला एकजणही सांगत नाही. आपला इतिहास मात्र नेमके तेच सांगतो. म्हणून जरा मागे जाऊ.

पहिला दाखला राजगृहाचा. भगवान बुद्ध वेळुवनात राहत होते. सकाळी भिक्षेसाठी नगराकडे निघाले तेव्हा सिगाल नावाचा एका गृहपतीचा मुलगा त्यांना दिसला. नुकताच नाहून आलेला, अंगावर ओले कपडे, केस ओले, आणि हात जोडून पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली, वर अशा सहा दिशांना नमस्कार चाललेला. बाप मरताना सांगून गेला म्हणून करतो, एवढेच त्याला ठाऊक. ही हकीकत दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात आहे, विहारात वर्षावासात ती आपण अनेकदा ऐकलेली आहे. पण एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. सिगाल लवकर उठलेला होता. आंघोळही झाली होती. मोबाईलवरच्या साहेबाच्या हिशेबाने त्याचा दिवस पास झाला होता. भगवंतांनी त्याच्या लवकर उठण्याला नावे ठेवली नाहीत, नमस्कार बंद कर असेही म्हटले नाही. त्या सहा दिशांचा अर्थ त्यांनी बदलला. पूर्व म्हणजे आईबाप, दक्षिण म्हणजे गुरू, पश्चिम म्हणजे बायको-मुले, उत्तर म्हणजे मित्र, खालची दिशा म्हणजे आपल्याकडे राबणारी माणसे, वरची म्हणजे श्रमण. सकाळी तोंड करायचे ते या माणसांकडे, आज यांचे आपण काय देणे लागतो त्याकडे.

त्याच सुत्तात आळशी माणसाच्या सहा सबबी सांगितल्या आहेत. फार थंडी आहे, फार उकडते आहे, फार उशीर झाला, फार लवकर आहे, फार भूक लागली, फार जेवण झाले. म्हणून आता काम नको. अडीच हजार वर्षे झाली, एकही सबब जुनी झालेली नाही! आमच्या खात्यात दांडी मारणाऱ्यांच्या सबबी या सहांच्या बाहेर फारशा जात नसत. सूर्य वर येईपर्यंत लोळणे हेही घर बुडविणाऱ्या गोष्टींत तिथे मोजलेले आहे, आणि ते वाईट संगत व कंजूषपणा यांच्या रांगेत.

आता मी युनियनमध्ये वावरलेला माणूस, त्यामुळे याच सुत्तातल्या दुसऱ्या एका जागेवर माझे बोट थांबते. नोकराने मालकाच्या आधी उठावे आणि त्याच्या नंतर झोपावे, असे त्यात आहे. हे वाचून काही तरुण कार्यकर्ते चिडतात. चिडण्याआधी अलीकडची ओळ वाचावी. मालकाने शक्ती बघून काम द्यावे, जेवण आणि वेतन द्यावे, आजारात शुश्रूषा करावी, गोडधोड वाटून खावे आणि वेळच्या वेळी सुट्टी द्यावी, ही पाच कर्तव्ये आधी मालकाच्या अंगावर टाकली आहेत, मग नोकराची सांगितली आहेत. मुंबईच्या गिरणीमालकांनी दुसरा भाग न वाचताच पाठ केला होता. पहिला भाग त्यांच्याकडून कायद्याने करून घ्यायला जवळजवळ शंभर वर्षे लागली. ते पुढे येईलच.

झोपेचे म्हणाल तर झोप मोग्गल्लानालाही आली. महामोग्गल्लान म्हणजे भगवंतांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक. पण प्रव्रज्या घेतल्यावर सुरुवातीच्या दिवसांत मगधातल्या एका गावी ध्यानाला बसला आणि बसल्या बसल्या डुलक्या घेऊ लागला. अंगुत्तरनिकायात ही गोष्ट आहे. भगवंत त्याला रागावले नाहीत, त्यांनी त्याला एकामागून एक उपाय सांगितले. ज्या विचाराने झोप येते तो विचार सोड. नाही गेली तर ऐकलेला धम्म मनात घोळव. तरी नाही गेली तर मोठ्याने म्हण. मग कान ओढ, हातपाय चोळ. मग ऊठ, डोळ्यांना पाणी लाव, चारी दिशांना बघ, आकाशातल्या चांदण्यांकडे बघ. मग मनात उजेड आण, रात्र आहे हे विसर. मग फेऱ्या मार. आणि एवढे करूनही झोप जात नसेल तर? तर उजव्या कुशीवर आडवा हो, अमुक वेळेला उठायचे एवढे मनाशी ठरव, आणि झोप.

मला हा शेवटचा उपाय फार आवडतो. झोप पाप नाही. उठायचे ठरवून झोपणे वेगळे आणि आडवे पडणे वेगळे. आपल्या दहावीच्या मुलांना रात्री जबरदस्तीने जागवणाऱ्या आईबापांनी ही गोष्ट जरूर वाचावी. सोण नावाच्या भिक्षूची गोष्टही वाचावी. श्रीमंताघरचा मुलगा, तळपाय नाजूक. राजगृहाजवळ सीतवनात फेऱ्या मारून मारून त्याने पाय फोडून घेतले, जमीन रक्ताने भरली, हाती काही लागेना. तो पूर्वी वीणा वाजवीत असे, म्हणून भगवंतांनी त्याला वीणेच्या तारेचे उदाहरण दिले. फार ताणली तर सूर नीट निघत नाही, ढिली सोडली तरीही निघत नाही.

खुद्द भगवंतांचा दिवस कसा जाई, ते बुद्धघोषाने सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत लिहून ठेवले आहे. बुद्धघोष इसवी सनाच्या पाचव्या शतकात श्रीलंकेत होऊन गेला, म्हणजे भगवंतांनंतर हजारभर वर्षांनी. तेव्हा त्याचे लिखाण डोळे झाकून घेऊ नये. रात्रीच्या मधल्या प्रहरात देव येऊन प्रश्न विचारीत असत, असेही तो लिहितो. ते बाजूला ठेवले तरी चालेल. उरलेला दिवस मात्र माणसाचा दिवस आहे. पहाटे उठून तोंड धुणे, मग भिक्षेची वेळ होईपर्यंत एकट्याने शांत बसणे, मग गावात जाणे. जेवणानंतर भिक्षूंना उपदेश, थोडी विश्रांती. दुपारनंतर गावचे लोक येत त्यांच्याशी बोलणे. रात्रीच्या पहिल्या प्रहरात भिक्षूंच्या शंका. आणि रात्रीच्या शेवटच्या प्रहराचे तीन भाग : एक भाग फेऱ्या, एक भाग झोप, आणि उजाडण्याआधीचा तिसरा भाग बसून विचार करण्याचा, की आज जगात कोणाला आपली गरज आहे.

दिवसभर माणसांच्या गराड्यात राहणाऱ्या माणसाने दोन वेळा स्वतःकडे राखून ठेवल्या होत्या, आणि दोन्ही उजाडण्याच्या आसपासच्या. एवढे लक्षात ठेवून आता मुंबईत येऊ.

मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी ताडदेवला काढली, तिचे काम १८५६ साली सुरू झाले. त्यापुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत गिरण्या वाढल्या आणि कोकणातून, घाटावरून माणसे आली. वीज नव्हती तोवर गिरणी सूर्यावर चालायची. उजाडले की सुरू, मावळले की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून कामही मोठे. कामगाराकडे घड्याळ कुठले? उशीर होईल या भीतीने माणूस अंधारातच निघायचा. मग भोंगे आले. आमचे वडील सांगत, पहिला भोंगा उठवायचा, दुसरा घरातून काढायचा आणि तिसऱ्याला गेट बंद. पहाट झाली हे कोंबड्याने सांगायचे दिवस संपले. ते मालकाचे यंत्र सांगू लागले.

कायदे आले ते मुंगीच्या पावलांनी. १८८१ च्या कायद्याने सात वर्षांखालचे मूल गिरणीत घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवू नये, एवढे ठरले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी ‘दीनबंधू’ पत्रातून आणि मिलहँड्स असोसिएशनमधून लढा दिला, तेव्हा १८९० च्या जूनमध्ये मुंबईच्या कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. लोखंडे सत्यशोधक, जोतीराव फुल्यांचे सहकारी. आज रविवारी जो उशिरापर्यंत झोपतो त्याने निदान हे नाव माहीत करून घ्यावे. पुढे १८९१ च्या कायद्याने मुलांचे किमान वय नऊ झाले, बायकांना दिवसाला ११ तासांची मर्यादा आली. पुरुषांना काही नाही. त्यांना मर्यादा यायला १९११ साल उजाडावे लागले, आणि ती मर्यादा होती १२ तासांची!

याच १८९१ साली, १४ एप्रिलला, महूला भीमराव जन्माला आले.

पुढची गोष्ट धनंजय कीरांच्या चरित्रात आहे आणि ती प्रत्येक गिरणी कामगाराच्या पोराला सांगण्यासारखी आहे. साताऱ्याला असताना लहानग्या भीमाच्या मनाने घेतले की मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत पोऱ्या म्हणून लागायचे. भाड्याला पैसे हवेत म्हणून आत्याच्या कमरेची पिशवी लांबवायचा बेत केला. रात्री ती शेजारी झोपलेली असताना तीन रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री पिशवी हाती आली. आत निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई येत नाही. त्या रात्रीने त्यांचे मन पालटले आणि त्यांनी अभ्यास करायचे ठरविले. आत्याच्या पिशवीत दोन रुपये असते तर काय झाले असते, याचा विचार मी कधी कधी मशीनवर उभा राहून करीत असे.

मुंबईला ते आले ते वडिलांबरोबर, साधारण १९०४ साली. परळ भागातल्या डबक चाळीत एक खोली. त्या एका खोलीत स्वयंपाक, भांडी, जाते, सरपण, शेळी आणि माणसे. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. सुभेदार रामजींनी काय केले बघा. मुलाला ते लवकर झोपायला लावीत. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहत. दोनला मुलाला उठवून अभ्यासाला बसवीत, आणि मग स्वतः झोपत. काच नसलेला रॉकेलचा दिवा, त्याची हलणारी ज्योत, आणि तिच्यापुढे पुस्तक घेऊन बसलेला चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. सकाळी आंघोळ करून शाळेत.

दोनच का? रामजींनी कारण लिहून ठेवलेले नाही. पण चाळीत ज्याचे आयुष्य गेले त्याला ते सांगावे लागत नाही. चाळ रात्री बारापर्यंत झोपत नाही. कोणाचे भांडण, कोणाचे भजन, कोणाचे मूल रडते, कोण पिऊन आला. चारला पुन्हा नळावर हंडे वाजायला लागतात. मधले दोन-अडीच तास काय ते खरे सामसूम. श्रीमंताच्या मुलाला अभ्यासाची वेगळी खोली असते, तिला भिंती असतात. सुभेदारांना भिंत घालणे परवडत नव्हते, म्हणून त्यांनी वेळेची भिंत घातली. आणि ती घालायला ते स्वतःच्या झोपेची वीट वापरीत. पुस्तकांसाठी त्यांनी लग्न झालेल्या मुलींकडे पैसे मागितले, त्यांचे दागिने गहाण ठेवले, हे आपल्याला माहीत असते. त्यांनी वर्षानुवर्षे आपली अर्धी रात्र दिली, हे आपण फारसे बोलत नाही.

आता त्याच वर्षांत त्याच परळात आणखी काय चालले होते ते ऐका. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. आम्ही शाळेत शिकलो की वीज म्हणजे प्रगती. कामगारासाठी विजेचा पहिला अर्थ असा झाला की सूर्य मावळल्यावरही साचा थांबेना. तेजीच्या दिवसांत १४-१४, १५-१५ तास काम होऊ लागले. गिरणीत लखलखाट आणि चाळीत बिनकाचेचा दिवा. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने देशभर एक वेळ लागू केली. मुंबईची स्वतःची वेळ तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे होती. घड्याळ पुढे सरकवले म्हणजे कामगाराला सूर्याच्या मानाने ३९ मिनिटे आधी गेटवर यावे लागणार. जेकब ससून गिरणीच्या कामगारांनी त्या जानेवारीत काम नाकारले आणि गिरणीच्या घड्याळावर दगड मारले. वर्तमानपत्रांनी त्याला दंगा म्हटले. मला तो दंगा वाटत नाही. आधीच सगळा दिवस विकलेल्या माणसाची उरलेली पाऊण तासाची पहाटसुद्धा कोणी न विचारता नेत होते. महापालिका तर हट्टाने मुंबईची जुनी वेळ १९५५ पर्यंत पाळत राहिली.

या सगळ्या गोंगाटात रात्री दोनचा दिवा जळतच होता. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. सत्कार सभेला सी. के. बोले अध्यक्ष होते आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. राजगृहाची पहाट परळच्या चाळीत पोचली ती अशी.

पुढचे वेगाने सांगतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. १९१३ ला कोलंबिया, १९१६ ला लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला परत, आणि १९२० ला पुन्हा लंडन. लंडनमध्ये ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयाचे दार उघडायच्या वेळी हजर आणि बंद होताना शेवटच्या माणसांबरोबर बाहेर. दुपारच्या जेवणाला पैसे नाहीत, आणि जेवायला गेले तर वेळ जातो. रात्री खोलीवर पुन्हा वाचन. भूक लागली की भाजलेला पापड. दिवा मालवा आणि झोपा असे खोलीतला सोबती म्हणे. १९२१ ला एम. एस्सी., १९२३ ला डी. एस्सी. हा माणूस आला कुठून असे लंडनच्या प्राध्यापकांना वाटले असेल. तो डबक चाळीतून आला होता.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण भाषणांत ती उलटी सांगितली जाते. बाबासाहेब जन्मभर ब्राह्ममुहूर्तावर उठत असत वगैरे काही वक्ते ठोकून देतात. तसे नाही. पुढच्या आयुष्यात बाबासाहेब रात्री जागून वाचणारे होते. राजगृहात असोत की दिल्लीला, वाचता वाचता उजाडत असे, हे त्यांच्या जवळ वावरलेल्यांनी लिहून ठेवले आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्रीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टंकलिखित त्यांनी हातातून बघायला मागवून घेतले होते. दिवसभर दाराशी माणसांची रीघ असे, प्रत्येकाचे गाऱ्हाणे ऐकायचे, मग स्वतःची सलग वेळ उरे ती रात्रीच. तेव्हा घड्याळात किती वाजले याला मी महत्त्व देत नाही. कोणी हाक मारणार नाही असे दोन तास दिवसातून कुठे सापडतात, ते ज्याने त्याने शोधायचे आहे. चाळीतल्या मुलाला ते पहाटेच सापडतात, एवढेच.

आणि कामगाराला ते सापडू देण्यासाठी बाबासाहेबांनी कायदाही केला. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी त्यांनी आपल्या लोकांना विणकाम खात्यात घेत नाहीत हा प्रश्न उभा केला. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्याचा हात तिथे नको, असे इतर कामगारच म्हणत. जास्त पगार त्या खात्यात, आणि आपल्या बापजाद्यांना रिंग खात्यातच ठेवलेले. कामाच्या तासांचे म्हणाल तर १९२२ ला ते दिवसाला ११, आठवड्याला ६० झाले. १९३४ ला दिवसाला १०, आठवड्याला ५४. १९४२ च्या जुलैत बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांच्या कारकिर्दीत १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याला ४८ तास आले. आठ तास काम. उरलेल्या सोळांत झोप, संसार, आणि वाचायचेच असेल तर वाचन. ताडदेवच्या पहिल्या गिरणीपासून हिशेब केला तर नव्वद वर्षे.

त्याच १९४६ च्या २० जूनला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. या कॉलेजात सकाळचे वर्ग भरत, त्यामुळे नोकरी करणाऱ्या मुलांना आधी तास करून मग कचेरी गाठता येई. आपल्या वस्तीतले जे पहिले पदवीधर, पहिले कारकून, पहिले मास्तर झाले, त्यांतले कितीतरी या सकाळच्या वर्गांतून आलेले. त्यांच्या घरी विचारा. अंधारात उठून, डबा घेऊन, परळ-नायगावहून फोर्टला जायचे, आणि तिथून कामावर. रामजींनी एका मुलासाठी जे एका खोलीत केले, ते त्या मुलाने हजारोंसाठी एका इमारतीत केले.

पण डबा घेऊन म्हटले की डबा कोणी केला हे आलेच. भगिनींनो, पहाटेचा खरा इतिहास तुमचा आहे आणि तो कुठेच लिहिलेला नाही. बी.डी.डी. चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत पहिली उठायची ती बाई. नळाला पाणी चारला. सातच्या पाळीला नवऱ्याचा डबा, खानावळीची माणसे असतील तर त्यांचेही डबे, मग मुले, आणि कितीजणी त्यानंतर स्वतः गिरणीत, वाइंडिंग खात्यात. सगळ्यांच्या आधी उठायच्या, पण त्या पहाटेतली दहा मिनिटेसुद्धा त्यांची नव्हती. बाबासाहेब लंडनला असताना रमाईंनी काय हाल काढले ते आपण गाण्यांतून ऐकतो आणि डोळे पुसतो. डोळे पुसून झाले की घरी सकाळी चहाचे आधण कोण ठेवते, ते बघावे. माझ्या आईला अक्षरओळख नव्हती. ती म्हणायची, मला एक दिवस कोणी उठवायला यावे, मग मी बी पुस्तक घेऊन बसते. आता मुलगी अभ्यासाला पहाटे उठली तर उठलीच आहेस तर भांडी घास, असे सांगणारी घरे आपल्या वस्तीत आहेत. मुलाला कोणी तसे सांगत नाही.

१९८२ च्या जानेवारीत संप झाला आणि हळूहळू भोंगे थांबले. एकेक गिरणी बंद झाली, जागेवर टॉवर आले. भोंग्याने उठणारी पिढी गेली, आता मोबाईल उठवतो, आणि मोबाईलच रात्री दोनपर्यंत जागवतो. रामजी सुभेदार दोनला मुलाला उठवीत, आपली मुले दोनला झोपतात. खोल्या मात्र बहुतेकांच्या आहेत तेवढ्याच. टीव्ही, फ्रिज आले, त्यांनी शेळीची जागा घेतली.

म्हणून मंडळापुढे एक गोष्ट मांडायची आहे. आपला विहार संध्याकाळच्या वंदनेला उघडतो आणि रविवारी. पहाटे तिथे कुलूप असते. आत दोन ट्यूबलाइट आहेत, चार पंखे आहेत, चटया आहेत, कपाटात बाबासाहेबांचे खंड आहेत आणि शेजारी नळ आहे. वस्तीत या वर्षी दहावी-बारावीला बसणारी मुले-मुली मी मोजली, ती एकवीस भरली. स्पर्धा परीक्षांची वेगळी. पहाटे पाच ते आठ विहार त्यांच्यासाठी उघडा ठेवावा. मोबाईल दाराशी एका पेटीत ठेवायचे. सुरुवातीला दहा मिनिटे शांत बसायचे, मग ज्याने त्याने आपले पुस्तक उघडायचे. डुलकी आली तर नळावर जाऊन डोळ्यांना पाणी लावायचे, मोग्गल्लानासारखे. मुलींना एकटे पाठवायला घरचे कचरतील, तर आयांनी आळीपाळीने यावे. यायचे ते बसायला, झाडू मारायला नाही. प्रौढ साक्षरतेची पुस्तके मी आणून देतो. लाइट बिल वाढेल असे कोणी म्हणेल. सहा महिन्यांचे वाढीव बिल मी आणि आमच्या खात्यातले चार जुने सोबती मिळून भरू.

राहिला चावीचा प्रश्न. माझी खोली विहारापासून दोन मिनिटांवर आहे आणि तीस वर्षे पहिल्या पाळीची सवय असल्यामुळे चारला माझे डोळे आपोआप उघडतात. मंडळाची हरकत नसेल तर एक चावी माझ्याकडे द्यावी. पावणेपाचला दार उघडलेले असेल.

जय भीम! नमो बुद्धाय!